पिण्याच्या पाण्याचे केस

आमच्या गावच्या पारावर दिवस मावळला की एक वाक्य हटकून ऐकू येतं. "आरं, हे क्यास काय उन्हानं पांढरं झाल्यात व्हय?" विषय कोणताही चालतो. डाळिंबावरचा तेल्या, सोसायटीची निवडणूक, कुणाच्या तरी पोरीला आलेलं स्थळ. हे वाक्य पडलं की समोरच्यानं गप्प बसायचं असतं. बोलणाऱ्यानं पंच्याहत्तरी ओलांडलेली असते आणि पटका काढला तर आत खरोखरच पिंजलेला कापूस असतो.

यंदाच्या मे महिन्यात मी त्या वाक्याला आडवा गेलो. चूक माझ्या भाचीची. ती पुण्याला फार्मसी शिकते आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी आली की आम्हाला शिकवते. तिनं सांगितलं, "मामा, केस उन्हानं पांढरे होतच नाहीत. केसाच्या मुळाशी रंग भरणाऱ्या पेशी असतात, त्या दमल्या की नवा केस पांढरा उगवतो. ऊन फार तर वरचा रंग विटवतं, काळ्याचा तांबूस करतं." आपल्याला हे पटलं. मी ते तसंच्या तसं पारावर मांडलं. म्हटलं, पांढरे केस कुणाचेच उन्हानं होत नाहीत, मग तुमचे झाले नाहीत यात तुमचं वेगळं कर्तृत्व काय?

पारावर शांतता पसरली. मग सगळ्यांत म्हाताऱ्या गृहस्थानं पिंक टाकली, माझ्या कपाळाकडं नीट बघितलं आणि विचारलं, "आन् तुझं टाळकं उगडं पडाय लागलंय, ते कशानं?"

मी घरी आलो.

खरं तर केसांबद्दल हसण्याची माणदेशाला सोय नाही. सगळा मुलूखच या दुखण्यानं गांजलेला. आमचा माण तालुका सातारा जिल्ह्यात, शेजारची आटपाडी सांगलीत, पण दोघांचं कपाळ एक. याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस अंगावर घेतं आणि आमच्याकडं ढग येतात ते रिकामी घागर घेऊन पाण्याला निघाल्यासारखे. इथं पाचशे मिलिमीटर झाला तर लोक पेढे वाटतील. माणगंगा कुळकजाईकडच्या डोंगरातून निघून दहिवडी, म्हसवड करत आटपाडी-सांगोल्याकडं जाते असं भूगोलात आहे. एप्रिल-मेमध्ये कुठल्याही टेकडीवरून तिच्याकडं बघा. महिनाभर तेल न लागलेल्या डोक्यातला भांग दिसतो, रुंद, पांढरा आणि कोरडा.

आणि डोंगर तर उघडेबोडकेच. म्हणजे होते. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत माणातली गावंच्या गावं उतरली, ८ एप्रिल ते २२ मे असा दीड महिना भर उन्हात टिकाव-खोरी चालली. २०१८ साली आमच्या तालुक्यातल्या टाकेवाडीनं राज्यात पहिला नंबर काढला. तेव्हापासून डोंगरांच्या टकलांवर समतल चरांच्या ओळी दिसतात, एकाखाली एक, मोजून मापून. भाचीनं एसटीच्या खिडकीतून त्या पहिल्यांदा बघितल्या तेव्हा म्हणाली, "मामा, यांनी डोंगराचं हेअर ट्रान्सप्लांट केलंय." मला ते ट्रान्सप्लांट आवडलं. निदान पैसे देऊन करून घेतलेलं नव्हतं.

तर भाची आली ती दोन बॅगा घेऊन. एकीत कपडे, दुसरीत केस. म्हणजे केसांचं सामान. सल्फेट नसलेला शाम्पू, कंडिशनर, आठवड्यातून एकदा लावायचा मास्क, न धुता ठेवायचा दुसरा एक कंडिशनर, सीरम आणि केसांना ऊन लागू नये म्हणून मारायचा फवारा. फवारा म्हटल्यावर माझ्या चुलतभावानं बाटली उचलून विचारलं, "पंपाला किती मिली टाकायचं?"

मग तिनं मोबाइलवरून उन्हाळ्यातल्या निगेची यादी मोठ्यानं वाचली. दिवसाला तीन लिटर पाणी प्या. घाम आला की केस स्वच्छ, थंड पाण्यानं धुवा. कंडिशनर पाच मिनिटं ठेवून भरपूर पाण्यानं काढा. आमची आत्ती उंबऱ्यात बसून लसूण सोलत होती. ऐंशीच्या घरातली बाई, पण कान शाबूत. तिनं मान वर न करता विचारलं, "भरपूर म्हंजी किती तांबं?"

हा प्रश्न त्या यादी लिहिणाऱ्याला आयुष्यात कुणी विचारला नसेल. टंचाईत टँकरचं पाणी सरकारी हिशेबानं माणशी दिवसाला वीस लिटर. भाचीच्या एका डोकं धुण्याला दोन बादल्या, तीस लिटर. म्हणजे तिनं सोमवारी डोकं धुतलं तर मंगळवारी दुपारपर्यंत तिनं पाणी प्यायचं नाही, हात धुवायचे नाहीत आणि शक्यतो कुठं जायचं नाही. "घाम आला की धुवा" हा सल्ला तर माणात पाळायचा ठरवला तर मार्चमध्ये घातलेलं डोकं मृगापर्यंत नळाखालून काढता येणार नाही. आणि नळाला पाणी नसणारच.

टँकर नसेल तेव्हा बोअर आहे. त्या पाण्याला आमच्याकडं 'जड' म्हणतात आणि ते शब्दशः जड आहे. खडकातला चुना-क्षार सगळा त्यात विरघळलेला. बादलीच्या कडेला पांढरं कडं बसतं, तोटीच्या तोंडाला खरपुडी धरते. साबण लावला तर फेस होण्याऐवजी त्याचा चिकट साका होतो आणि तो केसांवर जाऊन बसतो. या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही. सहा शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाताखाली टणक. ज्या पाण्याला तुरीच्या डाळीची दया येत नाही ते माणसाच्या केसांना काय मऊ करणार? भाचीनं तिसऱ्या दिवशी बोअरच्या पाण्यानं डोकं धुतलं आणि कंगवा घातला तो आतच राहिला. काढायला दोघं लागले.

आत्तीची पद्धत साधी होती. पहिली गोष्ट, केस उन्हाला दाखवायचेच नाहीत. "उगडं डोस्कं घिऊन उन्हात फिराय आपण काय मेंढरं हाय?" असं ती म्हणायची. डोक्यावरचा पदर तिनं लाजेसाठी घेतला की उन्हासाठी, हे तिलाही आता सांगता येणार नाही. पुरुषांना फेटा, पटका, टोपी, काहीच नसेल तर ओला टॉवेल. आजोबा उन्हाचं बाहेर पडताना पटक्यात कांदा ठेवायचे. ऊन लागत नाही म्हणायचे. कांद्यानं ऊन कसं थांबतं हे मला कधी कळलं नाही, पण भूक लागली की भाकरीबरोबर खायला होतो, एवढा उपयोग मी डोळ्यांनी बघितलाय. आता भाचीच्या बॅगेत कांद्याच्या अर्काचा शाम्पू आहे. त्या बाटलीच्या किमतीत बाजार पडलेल्या वर्षी आमच्याकडं अख्खी पिशवी कांदा आला असता, वर शेतकऱ्यानं हमाली दिली असती.

मेंढरांचा आत्तीनं अपमान केला, पण त्या बाबतीत तिचं चुकलं. या मुलखात केसांची खरी व्यावसायिक निगा मेंढरांचीच होते. दहिवडीला मेंढ्या-शेळ्यांचं सरकारी प्रक्षेत्र आहे. माणसांच्या केसांसाठी सरकारनं इथं काय केलंय ते मला दाखवा. वर्षातून दोनदा कातरणी. मेंढी आडवी पाडायची, पाय बांधायचे आणि कातरभुऱ्यानं लोकर अशी उतरवायची की अंगावरनं रजई ओढल्यासारखी एका तुकड्यात यावी. खाली जी निघते ती मेंढी आहे की करडू हे तिच्या कोकरालाही काही वेळ कळत नाही. आईभोवती फिरत राहतं, हुंगतं, ओरडतं. आमच्याकडची पोरं हल्ली सलूनमधून बाजू साफ आणि वर झुपका करून येतात तेव्हा त्यांच्या आयांचं तसंच होतं. लोकर राठ, तिला भाव नाही, कातरणीची मजुरीच जास्त पडते. तरी कातरतात. कुणी मेंढीला विचारत नाही की मॅडम, किती ठेवायचे?

आणि ही लोकर नुसती थंडीसाठी नसते, ती ऊनही वरच्या वर अडवते. भाचीनं यावर एक भारी गोष्ट सांगितली. २०२३ साली अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग छापला. माणसाच्या कातडीइतका गरम राहणारा पुतळा घेतला, त्याला आलटून पालटून माणसाच्या केसांचे टोप घातले. सरळ केसांचा, लाटांचा, घट्ट कुरळ्यांचा, आणि एकदा काहीच न घालता. वरून दिव्यांचं ऊन सोडलं. केस कसलेही असले तरी टाळूला ऊन कमी पोचलं, आणि घट्ट कुरळ्या केसांनी सगळ्यांत चांगलं अडवलं. म्हणजे डोक्यावर केस ही निसर्गानं दिलेली छत्री आहे आणि आफ्रिकेच्या उन्हात ती पहिल्यांदा उघडली असावी, असं त्यांचं म्हणणं.

मी म्हटलं, एवढे दिवे कशाला लावले? तो पुतळा आमच्या चावडीसमोर मे महिन्यात दुपारी बारा ते तीन उभा करायचा. वीजबिल वाचलं असतं आणि तीन वाजेपर्यंत पुतळ्यानंच पटका मागितला असता.

आता सलूनचं सांगतो. हे खरं तर मी सांगणार नव्हतो.

पुतण्याचं लग्न ठरलं होतं, वैशाखातलंच. घरात सगळ्या बायकांचं म्हणणं पडलं की फोटोत माझं डोकं पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांत मिसळून जातंय. भाची म्हणाली, मेंदी लावते, चार तास ठेवायची. चार तास डोक्यावर शेण लावल्यासारखा बसायला मी काय भिंत आहे? मी बाजाराचं निमित्त काढून मोटारसायकलवर शेजारच्या मोठ्या गावात गेलो, जिथं मला ओळखणारं कुणी नाही असं मला वाटत होतं, आणि एका सलूनमध्ये शिरून हळू आवाजात म्हणालो, "काळा करायचाय." पोरगा मोठ्यानं ओरडला, "पाव्हण्यास्नी डाय!" बाकावरच्या सहाजणांनी पेपर खाली केले. त्यातले दोन आमच्या भावकीतले निघाले.

पोरानं वाटीत कालवलं, ब्रशनं डोक्याला लिंपलं, कानाच्या पाळ्यांना थोडं बक्षीस दिलं आणि वीस मिनिटं बसा म्हणाला. बाराव्या मिनिटाला लाईट गेली. पंखा थांबला. बाहेर चाळीसच्या वर ऊन, वर पत्र्याचं छत. मला घाम फुटला आणि त्या घामाबरोबर तारुण्य कपाळावरून खाली उतरायला लागलं. आरशात बघितलं तर दोन काळे ओघळ कानशिलावरून निघून मिशीत शिरत होते. मिशी मी पांढरी ठेवणार होतो.

वीस मिनिटं झाली. पोरानं मला बेसिनपाशी वाकवलं, तोटी सोडली. तोटीनं खोकल्यासारखा आवाज केला, एक थेंब टाकला आणि मिटली. लाईट नाही म्हणून मोटर नाही, मोटर नाही म्हणून टाकी रिकामी, आणि खालच्या पिंपात सकाळपासूनच्या दाढ्यांनी तळ गाठलेला. त्यानं शेजारच्या चहावाल्याला हाक मारली. चहावाला म्हणाला, बोअर आठवड्यापूर्वीच गेलं. वडापाववाल्यानं सांगितलं, माझ्याकडं आहे पण तेलकट आहे. मी बेसिनवर तसाच वाकलेला, माझ्या डोक्यावर औषध आपलं काम करत होतं आणि डब्यावर लिहिलं होतं की तीस मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नये.

शेवटी भावकीतला एक जण उठला. त्यानं कोपऱ्यातल्या वीस लिटरच्या जारकडं बोट केलं. गिऱ्हाइकांना प्यायला ठेवलेला, सकाळीच आलेला, फिल्टरचा, बर्फगार. सलूनवाला जरा घुटमळला. म्हणाला, "चाळीस रुपयाचा हाय, पाव्हणं." मी बेसिनमधूनच म्हणालो, "शंभर देतो, ओत."

मे महिन्यात तापलेल्या टाळूवर फ्रीजचं पाणी पडलं की काय होतं ते त्या अमेरिकन पुतळ्यालाही कळणार नाही. माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं. अर्धा जार संपला, काळं पाणी गेलं, मग करडं, मग स्वच्छ. बाकावरचे सहाही जण उभे राहून बघत होते. केसांकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्यांची नजर नाळीत जाणाऱ्या पाण्यावर होती. एक म्हातारे गृहस्थ एवढंच म्हणाले, "पिण्याचं हुतं."

पण घरी येताना वाऱ्यावर एक नवल घडलं. केस उडत होते. पन्नास वर्षांत माझे केस कधी उडाले नव्हते; ते एकमेकांना धरून, जागच्या जागी, झाडूसारखे असत. हात फिरवला तर बोटं सरळ मानेपर्यंत गेली. भाचीनं दारातच निदान केलं. "जारचं पाणी म्हणजे क्षार काढलेलं, मामा. मऊ पाणी. तुमचे केस आत्ता पहिल्यांदा खरोखर धुतले गेले."

आत्तीला केसांचं काही नव्हतं. तिनं ऐकलं ते एकच. "पिण्याच्या पाण्यानं डोस्कं धुतलंस? वीस लिटर?" मी म्हटलं, दहाच. "धाच!" असं म्हणून ती भिंतीकडं तोंड करून बसली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. ज्या बाईनं १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली आणि डोक्यावरचा हंडा तीन मैल आणला, तिला डोक्यावर पाणी नेणं माहीत; डोक्यावर ओतणं हा तिच्या मते वेगळा धर्म.

तिसऱ्या दिवशी ती बोलली ती भाचीशी. "ये गं, तुझं डोस्कं धुती. तुझ्या मामावाणी नगं करूस." तिनं पोरीला बाजेवर बसवलं, बाजेखाली घमेलं सरकवलं. शिकेकाई, रिठा, आवळकाठी रात्रीच भिजत घालून सकाळी उकळलेली. शिकेकाईचा फेस जड पाण्यातही साका धरत नाही, हे भाचीनंच मला सांगितलं होतं, आत्तीला कुणी सांगितलं नव्हतं. एका हातानं तांब्या वाकडा, धार करंगळीएवढी, दुसऱ्या हाताची बोटं केसांत. पाणी डोक्यावरून पाठीवर न जाता वेणीच्या टोकाशी येऊन घमेल्यातच पडायचं. चार तांब्यांत डोकं झालं. पाचव्यात लिंबू पिळलं होतं, ते सगळ्यांत शेवटी. उरलेला क्षार त्या आंबटानं सुटतो. घमेलं उचलून आत्तीनं परसातल्या शेवग्याच्या बुडात ओतलं. त्या शेवग्याला गावात सगळ्यांत लांब शेंगा येतात आणि त्याची पानं गळत नाहीत. कोंडा तर नाहीच.

मी कडेला बसून बघत होतो. याच पोरीचं जावळ माझ्या मांडीवर काढलं होतं, शिखर शिंगणापूरला, चैत्रातल्या यात्रेत. तेव्हाही ऊन असंच. तिचं डोकं बोडकं झालं तेव्हा ते हाताला गरम लागत होतं आणि ती एवढी रडली की मुंगी घाटाखालून कावडी चढतायत का असं लोक वळून बघायला लागले. गंमत बघा. जटेत गंगा धरून बसलेला देव माणाच्या सगळ्यांत कोरड्या डोंगराच्या शेंड्यावर येऊन राहिला. आणि त्याच्या डोक्यावर घालायला पाणी मात्र बाहेरून येतं, सासवडहून, कऱ्हेचं, खांद्यावर. मानाची कावड संत भुतोजी तेल्यांची. नावात तेल असलेल्या माणसानंही माणात यायचं तर पाणीच घेऊन यावं लागतं. जटाधारी महादेवाला जर स्वतःच्या केसांतलं पाणी पुरत नसेल तर आमच्यासारख्यांनी मास्क आणि सीरमच्या गोष्टी कशाला कराव्या?

लग्नाच्या आदल्या दिवशी आत्ती माझ्याजवळ आली. इकडं तिकडं बघितलं. माझ्या केसांवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा, पण जरा जास्त वेळ. मग विचारलं, "त्यो जार कितीला म्हणालास?"

"चाळीस. का गं?"

"काय न्हाय. तुरीची डाळ शिजती का बघू म्हणलं."

मी एक जार आणून दिला. डाळ तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी शिजली, वऱ्हाडानं दोनदा वाढून घेतली. जारमधलं पाणी बघितलं तर डाळीला लागलं असेल त्याहून चार-पाच तांबे कमी भरलं. मांडवात पंगत उठत होती आणि आत्ती पदर मागं ओढून बायकांत बसली होती. ऐन वैशाखातल्या दुपारी तिचा अंबाडा ओला होता.